मलावीवाले दशरथअण्णा

दशरथअण्णांनी एकदा चालू लग्न थांबवलं होतं.

मानपानावरून नव्हे, आणि जेवणात काही कमी पडलं म्हणूनही नव्हे. राहात्याच्या एका मंगल कार्यालयात निवेदक माईकवरून पाहुण्यांची नावं घेत होता. पुढाऱ्यांपासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सगळ्यांची घेऊन झाली आणि शेवटी तो म्हणाला, "नवरीचे मामा खास आफ्रिका या देशातून आशीर्वाद द्यायला आलेले आहेत." भटजींनी मंगलाष्टकांसाठी तोंड उघडलं, लोकांनी अक्षता मुठीत घट्ट धरल्या, आणि दशरथअण्णा तरातरा स्टेजवर चढले. त्यांनी निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला.

"आफ्रिका देश न्हाई. खंड हाय. चौपन्न देश हायत त्यात. मामा कोन्त्या देशातून आल्यात तेवडं सांगा, मंग टाका अक्षता."

नवरा अंतरपाटावरून डोकावून बघायला लागला. मामा बिचारे एका कोपऱ्यातून हात वर करून "केनिया, केनिया" म्हणत होते. "केनिया," अण्णांनी माईकवर जाहीर केलं, "राजधानी नैरोबी," आणि माईक परत देऊन ते माझ्या शेजारी येऊन बसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांच्या अक्षता धावपळीत सांडल्या होत्या, म्हणून त्यांनी माझ्या मुठीतल्या निम्म्या काढून घेतल्या आणि म्हणाले, "आता बरूबर झालं."

मी अण्णांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. गावच्या हायस्कुलात तेवीस वर्षं भूगोल शिकवतो, आणि ही गोष्ट मी चारचौघांत सांगत फिरू नये असं अण्णांचं मत आहे.

अण्णा पॅनमन. म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरणारा माणूस. काचेच्या तुकड्यावर थेंबभर पाक घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि दाणा तयार झाला की नाही ते नुसत्या नजरेनं सांगायचं. आमच्या जिल्ह्यात कारखाने भरपूर, त्यामुळे असे कारागीरही भरपूर, आणि आफ्रिकेतले, चुकलो, आफ्रिका खंडातल्या निरनिराळ्या देशांतले कारखाने इथून माणसं घेऊन जातात. अण्णा मलावीला गेले आणि नऊ वर्षं राहिले. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या आपल्या वावरात पेरू लावले. तिथंच माझा घात झाला.

दहावीच्या वर्गाची खिडकी बरोबर त्या पेरूंवर उघडते. मी एकदा शिकवत होतो, "आफ्रिकेतील हवामान उष्ण असते." लगेच पेरूच्या झाडातून आवाज आला, "कुटं? आफ्रिकेत कुटं? मलावीत झोंब्याच्या डोंगरावर जूनमदी शेकोटी लागती, मास्तर!" पोरं बाकांवर उभी राहिली. तेव्हापासून त्यांना चटकच लागली. मी गोदावरीचं खोरं शिकवत असलो तरी मागच्या बाकावरून कुणीतरी मुद्दाम विचारणार, "सर, आफ्रिकेत नद्या असतात का?" आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे बघत बसणार. मुख्याध्यापकांकडे मी दोनदा तक्रार केली. दुसऱ्या वेळी त्यांनी मला विचारलं, "पण ते जे सांगतात ते चूक असतं का?"

चूक नसतं, हाच तर संताप आहे!

मलावी मला अण्णांमुळे पाठ झाला आहे. नकाशावर बोट ठेवलं तर सगळा देश बोटाखाली झाकून जातो, इतका चिंचोळा. त्याच्या कडेनं एक लांबच लांब सरोवर. त्याला तळं म्हटलं तर अण्णा चिडतात. "समुद्र म्हना. पल्याड दिसत न्हाई." खरा समुद्र मात्र त्या देशाच्या वाट्याला आलेला नाही. तंबाखू, चहा, साखर पिकवायची, ट्रकांवर चढवायची आणि शेजारच्या मोझांबिकमधून बंदर गाठायचं. "माल त्यांचा, बंदर दुसऱ्याचं, अन् भाव तिसऱ्याचा," अण्णा म्हणतात. "बाई-बाप्या वर्षभर तंबाखूत वाकून मरत्यात, अन् लिलावात घेनारा दोन मिन्टात मोकळा. आपल्या कांद्यागत. आनि आपून म्हननार, ते लोक आळशी हायत!"

हे सगळं ते शांतपणे सांगत नाहीत. त्यांना शांतपणे काही सांगताच येत नाही. एकदा आमच्याकडे जेवायला बसले होते. माझी बायको मंदा वरण वाढत होती. अण्णांनी विचारलं, "ही तूर कुटली?"

"दुकानातली," मंदा म्हणाली.

"दुकानात काय तूर उगवती का, सूनबाई? आपल्याकडं तूर कमी पडली की मलावीतून येती. मोझांबिकातून येती. नांदोलो म्हनत्यात तिला तितं. मी डोळ्यांनी बगितलीय, बायका अंगनात बडवून काडत्यात, आनि सोता मक्याच्या पिठावर ऱ्हात्यात. तुमी त्यांची तूर खाता, अन् तुमाला त्यांच्या देशाचं नाव घ्याया येत न्हाई." मंदाच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या दिवसापासून ती वरण वाढताना आधी माझ्याकडे बघते, जणू मी परवानगी देणार आहे.

अण्णांची बायको, सुमनकाकू, आठ वर्षांपूर्वी गेल्या. अण्णा तेव्हा मलावीतच होते. ते येईपर्यंत इथं सगळं उरकलेलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, तो सणासुदीला येतो. त्यामुळे अण्णांना दिवसभर पेरू राखणं आणि मला राखणं एवढीच दोन कामं आहेत.

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी ते मोबाईल हातात घेऊन आले आणि न बोलता आमच्या खुर्चीवर बसले. मी सावध झालो. अण्णा न बोलता बसले की पाठ्यपुस्तकात काहीतरी सापडलेलं असतं.

"योना येतोय," ते म्हणाले.

योना हा मलावीत त्यांच्या हाताखाली काम करणारा माणूस. अण्णांकडून दाणा धरायला शिकला आणि आता तिथला मुख्य पॅनमन झाला. साखरेच्या कसल्याशा प्रशिक्षणासाठी तो महिनाभर पुण्यात आला होता आणि त्या रविवारी गावी येणार होता. मी म्हणालो, "वा, चांगलंच झालं की." तर अण्णांनी पाणी मागितलं.

"मास्तर, मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"आपल्या लोकांचं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "नऊ वर्षं मी त्याच्या गावात काडली. एक मानूस कदी वाकडा शबुद बोलला न्हाई. माझं इंग्रजी बगून कुनी हसलं न्हाई, मी हातानं जेवतो म्हनून न्हाई, देवाला उदबत्ती लावतो म्हनून न्हाई. आनि हितं येऊन त्याला कुनी हबशी म्हनला, कुनी केसाला हात लावून बगितला, तर मी त्याला काय तोंड दाखवू? एक दिस यायचाय तो. एक दिस गाव नीट वागाया पायजे. येवडंच मागनं हाय."

येवडंच! मी या गावात जन्मलो आहे. आमच्या गावानं एक दिवस नीट वागावं ही काय चीज आहे ते मला विचारा.

पण अण्णा कामाला लागले. चार दिवस ते घरोघर फिरले. पाहुण्याच्या केसांना हात लावायचा नाही. फोटो काढायचा तर आधी विचारायचं. 'काळा' हा शब्द रविवारी कुणी म्हशीबद्दलसुद्धा काढायचा नाही. आणि 'तुमच्यात माणसं झाडावर राहतात का' असं जो विचारेल त्याला अण्णा स्वतः चिंचेवर चढवून शिडी काढून घेतील. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे लोक कशालाही माना डोलावतात.

मग स्वयंपाकाचा प्रश्न आला. अण्णांना योनासाठी न्सिमा करायचा होता. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा करतात, त्यांचं रोजचं अन्न. मंदाला हे कळलं तेव्हा तिनं पदर कमरेला खोचला. "एवढ्या लांबून माणूस येणार आणि त्याला मक्याची उकड घालायची? मका आम्ही गाईंना घालतो! मी पुरणपोळी करणार." गावात घरटी गाई आहेत, मक्याचा मुरघास करून खड्ड्यात दाबतात, त्यामुळे तिचंही चुकत नव्हतं. अण्णा म्हणाले, "सूनबाई, महिनाभर त्यो पुन्यात भात-चपाती गिळतोय. त्याला घरचं खाऊ द्या." त्यावर मंदा विरघळली. न्सिमाला लागणारा पांढरा मका कुठं मिळेना, तेव्हा अण्णांनी पिवळ्यावर तडजोड केली आणि एक दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसा काही मक्याला रंग मीच दिला होता.

शनिवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला.

भाऊसाहेब म्हणजे आमचे उपसरपंच. त्यांना फ्लेक्स लावायला निमित्त लागत नाही. इथं तर परदेशी पाहुणा होता. वीस फुटी फ्लेक्स. वर मोठ्या अक्षरांत, 'आफ्रिका देशाचे थोर साखरसम्राट मा. योनाजी साहेब यांचे सहर्ष स्वागत'. एका बाजूला गर्जना करणारा सिंह, दुसऱ्या बाजूला जिराफ, मध्ये गवताची झोपडी. झेंडा दक्षिण आफ्रिकेचा. आणि खाली भाऊसाहेबांसह गावातल्या चौदा जणांचे गॉगल घातलेले चेहरे. पाहुण्याचा फोटो मिळाला नव्हता म्हणून तिथं आणखी एक सिंह टाकला होता.

मी शप्पथ सांगतो, अण्णांशी माझं कितीही वाकडं असलं तरी तो फ्लेक्स बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गेल्याच आठवड्यात आमच्या उसातून बिबट्या निघून भाऊसाहेबांच्याच गोठ्यातली शेळी घेऊन गेला होता. वनखात्यानं पिंजरा लावला होता आणि अंधार पडला की गाव दारं लावून बसत होतं. आणि जंगली कोण? तर सरोवराकाठी राहणारे, साखर बनवणारे लोक!

अण्णा घरून शिडी आणि खुरपं घेऊन आले. मी म्हणालो, "अण्णा, भाऊसाहेबांना सांगू, ते बदलून देतील."

"शिडी धरा," अण्णा म्हणाले.

मी शिडी धरली. तेवीस वर्षांच्या नोकरीत भूगोलासाठी मी केलेलं हे पहिलं अंगमेहनतीचं काम. अण्णांनी वर चढून दोन्ही सिंह कापले, जिराफ कापला, झेंडा कापला, 'आफ्रिका देशाचे' कापलं. झोपडी कापताना भाऊसाहेबांच्या पुतण्याचा एक कान गेला. पुढं कित्येक महिने भाऊसाहेबांनी या प्रकरणात फक्त त्या कानाचा मुद्दा लावून धरला.

रविवारी सकाळी मी माझी गाडी काढली आणि आम्ही दोघं राहात्याच्या स्टँडवर गेलो. पुण्याच्या एसटीतून योना उतरला. पन्नाशीचा, उंच, अंगात कोट, गळ्यात टाय, एप्रिलच्या त्या उन्हात. त्यानं उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं आपलंच उजवं कोपर धरून तो कमरेत वाकला. मोठ्या माणसाला त्यांच्याकडे असा हात देतात. अण्णाही तसेच वाकले. मग ते दोघं हात न सोडता उभे राहिले, रिक्षावाले हॉर्न वाजवून थकले तरी. मला वाटलं मिठी मारतील, रडतील, काहीतरी करतील. अण्णा फक्त म्हणाले, "बस चांगली हुती का?" आणि मग आठवण होऊन, "बस गुड?"

पारावर गाव जमलं होतं. हलगी वाजली. शाल, नारळ आणि फेटा आला. फेटा बांधायचा म्हणजे डोक्याला हात लावणं आलंच. बांधणाऱ्यानं योनाच्या केसांवर हात ठेवला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले. योना मान खाली घालून छान बसून राहिला.

मग भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. "आफ्रिका देशात," त्यांनी सुरुवातच केली, "पाणी नाही, अन्न नाही, अंगावर कपडा नाही. अशा बिकट परिस्थितीतून आपले योनासाहेब कोट घालून इथवर आले!" टाळ्या पडल्या. माझी शरमेनं मान वर होईना. "आपण भाग्यवान, आपण भारतात जन्मलो. त्या मागासलेल्या लोकांना आपल्या दशरथअण्णांनी साखर करायला शिकवलं, माणसात आणलं!"

अण्णा उठले. मला ते मंगल कार्यालय आठवलं आणि मी मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट पकडलं. सगळं गाव श्वास रोखून अण्णांच्या त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत होतं. भाऊसाहेबसुद्धा माईक घेऊन एक पाऊल मागं सरकले.

अण्णा योनाकडे वळले आणि म्हणाले, "ही से, व्हिलेज व्हेरी हॅपी. ही से, धिस युवर हाऊस."

योनानं हसून हात जोडले.

एवढ्या मोठ्या भाषणाचं एवढंसं भाषांतर झालेलं बघून भाऊसाहेब जरा गोंधळले, पण पुढं बोलत राहिले. ते दुष्काळावर बोलले, अण्णांनी 'ही से थँक यू' सांगितलं. ते रोगराईवर बोलले, अण्णांनी 'ही लाइक युवर कोट' सांगितलं. ज्या माणसानं एका शब्दासाठी लग्न थांबवलं तो त्या दिवशी अर्धा तास 'आफ्रिका देश' ऐकून घेत होता. ओरडायची सोयच नव्हती. ओरडले असते तर कशावरून ओरडले हे योनाला सांगावं लागलं असतं.

शेवटी एक आजोबा काठी टेकत पुढं आले. मनात काही वाईट नाही, खरंच कुतूहल. "तुमच्याकडं घरात सिंह येत्यात म्हनं. किती येत्यात?"

अण्णांना घाम फुटला. "ही आस्क," ते म्हणाले, "हाऊ मेनी चिल्ड्रन?"

"फोर," योना म्हणाला आणि चार बोटं दाखवली.

"आगागागा!" गाव म्हणालं. "चार!" आजोबांनी कानाला हात लावला. "आनि मंग काय करत्यात ते?"

"ही आस्क, व्हॉट वर्क दे डू?"

योनानं अभिमानानं सांगितलं. एक बँकेत, एक टीचर, धाकटे दोघं स्कूलमध्ये. बँक, टीचर आणि स्कूल एवढे तीन शब्द सगळ्या गावाला कळले. भाऊसाहेब लोकांना समजावून सांगायला लागले, "एक सिंह बँकेत घुसला हुता म्हनत्यात. एकानं टीचर गाठला, आनि दोन शाळंत सापडले." बायकांनी हळहळ व्यक्त केली. एकीनं योनाच्या हातात दोन डझन पेरू दिले.

मी कसंबसं त्या दोघांना तिथून काढलं आणि अण्णांच्या घरी आणलं. मंदानं न्सिमा वाढला, सोबत पालेभाजी आणि तुरीचं घट्ट वरण. योनानं हात धुतले, बोटांनी पिवळ्या न्सिमाचा छोटा गोळा वळला, वरणात बुडवून खाल्ला आणि मंदाकडे बघून म्हणाला, "लई भारी झालंय, सूनबाई."

अण्णांचा घास तोंडाशीच थांबला.

"तुला मराटी येतं?"

"येतं की. तुमी हिकडं परत आल्यावर संगमनेरचा पॅनमन आला तिकडं. सात वर्षं त्याच्यासंगं हुतो."

"म्हंजे..." अण्णांना पुढचं विचारवेना. "मगाशी, पारावर..."

"समदं कळलं," योना म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हळू, "अण्णा, सिंह चार न्हाईत. पोरं चार हायत."

मला हसू यायला हवं होतं. अण्णांचा चेहरा बघून आलं नाही. योना म्हणाला, "तुमी तुमच्या गावाची लाज राखत हुता. मी मदी कशाला बोलू?" अण्णा ताटावरून उठले, मोरीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मला आमच्या गावाचा, भाऊसाहेबांचा, त्या टाळ्यांचा आणि टाळ्या पडत असताना गप्प बसलेल्या माझ्या स्वतःचाही इतका राग आला की मीही ताट बाजूला सरकवलं.

जेवण झाल्यावर योनानं फेटा काढला, कोट काढला, टाय काढला. भिंतीवर सुमनकाकूंचा फोटो होता. त्याच्यासमोर तो खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसला. अण्णाही समोर बसले. मी दारात उभा, आत यावं की जावं ते कळत नव्हतं.

योनानंच मला सांगितलं. काकू गेल्याचा फोन आला तेव्हा तिकडे उजाडायचं होतं. अण्णांच्या क्वार्टरसमोर बघता बघता सगळे कामगार जमले, बायका-पोरांसकट. त्यांच्याकडे मयताच्या घरी बोलायला जात नाहीत, बसायला जातात. सकाळी कारखान्याची गाडी अण्णांना विमानतळावर घेऊन गेली.

"मंग आमी बसलो," योना म्हणाला. "तीन दिस. चूल बाहीर मांडली."

"पण अण्णा तर निघून गेले होते," मी म्हणालो. "घर रिकामं होतं."

"मयत त्याच घरातलं हुतं. पन मायी, तुमच्या काकू, ऱ्हायच्या हितं. हितं बसायचं ऱ्हायलं हुतं, म्हनून आलो. पुन्याचं काम नुसतं निमित्त."

हा माणूस समुद्र ओलांडून आमच्या गावातल्या एका मयतीला बसायला आला होता, आणि आम्ही त्याला सिंह विचारले.

आता मला एक सांगितलंच पाहिजे. काकू पहाटे गेल्या. मुलगा पुण्याहून आला तो सैरभैर होता. अण्णांनी फोनवर 'येतो' एवढंच सांगितलं होतं आणि मग त्यांचा फोन लागेना. राहात्याहून बर्फाची पेटी आणायची का, थांबायचं का, असा विषय निघाला. सगळे माझ्याकडे वळले, कारण मी भूगोलाचा मास्तर. मी म्हणालो, "आफ्रिकेतून यायचं म्हणजे तीन-चार दिवस सहज. थांबण्यात अर्थ नाही." कुठला देश ते मी विचारलं नाही, विमान कुठून सुटतं ते बघितलं नाही. घरात नकाशा होता, तो उघडला नाही. दुपारच्या आत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता अण्णा बॅग घेऊन दारात उभे होते. नदीवर राख अजून गरम होती.

आठ वर्षं मी हे कुणापाशी बोललो नव्हतो, मंदापाशीसुद्धा. त्या दुपारी दारात उभा राहून बोललो.

अण्णा फोटोकडेच बघत होते. "म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पोरानं तवाच सांगितलं."

"मग इतकी वर्षं... अण्णा, एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर."

"वरडतो की रोज," अण्णा म्हणाले.

योना थोडा सरकला आणि त्यानं भिंतीशी जागा केली. अण्णांनी त्या जागेवर हात ठेवला.

"बसा, मास्तर."

मी चपला बाहेर काढून आत आलो आणि बसलो. ऊन उतरेपर्यंत आम्हा तिघांपैकी कुणीही काही बोललं नाही.